दोनशे चौदाचा पेशंट

बुधवार, ४ जून

काल लिहिलेल्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलंय की दोनशे चौदा नंबरच्या मुलीनं "काहीच विचारलं नाही, म्हणून मीही काही सांगितलं नाही." हे बरोबर नाही. तिनं विचारलं होतं. "पाय गार पडलेत का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तिनं पायथ्याची चादर ओढून माझ्या पायांवर घातली होती. त्यानंतर मी थोडंसं बोललेही. काय बोलले त्याला महत्त्व नाही, कारण ते आम्हाला पाठ करायला दिलेल्या वाक्यांतलं नव्हतं.

वही माझी एकटीची आहे, पण तिच्यात चुकीचं काही राहिलं की मला दिवसभर चैन पडत नाही. रेडिओ म्हणते, "तुझी वही वाचायला कोण येणार आहे, पोलीस?" (रेडिओ म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण. तिला हे नाव पहिल्याच आठवड्यात पडलं, कारण ती बंद होत नाही.)

पुढे कधी वाचलं तर कळावं म्हणून परीक्षेची पद्धतही लिहून ठेवते. आमच्या विद्यापीठात नर्सिंगच्या पदवीला साठ जागा आहेत आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. लेखी परीक्षेतून जे वर येतात त्यांची "रुग्णभेट" होते. प्रात्यक्षिकाच्या दोन खोल्यांत एकेक कॉट असते, तिच्यावर पहिल्या वर्षाची मुलगी पेशंट होऊन पडते. एका कॉटवर रेडिओ, दुसरीवर मी. उमेदवार आत येतो, दहा मिनिटं पेशंटपाशी थांबतो, आणि तो बाहेर गेला की पेशंटच त्याला दहापैकी गुण देतो. तिसरं कोणी खोलीत नसतं. प्रवेशाचं काम बघणाऱ्या मोठ्या मॅडमचं म्हणणं असं, की कॉटवर पडलेल्याला काय वाटलं ते कॉटवर पडलेलाच सांगू शकतो.

आम्ही दोघी एकच बाई असतो. वय पस्तीस, दोन मुलं, उद्या पित्ताशयाचं ऑपरेशन. विचारेल त्याला "मी ठीक आहे" म्हणायचं. पण कोणी आस्थेनं मनातलं विचारलं तर म्हणायचं, "उद्या मी शुद्धीवर आलेच नाही तर माझ्या पोरांना कोण बघेल?" हे वाक्य बाहेर आलं की दोन गुण. नाही आलं तर शून्य. एक गुण द्यायची सोय नाही.

दोनशे चौदाला मी तिथे शून्य दिलं. वाक्य बाहेर आलं नव्हतं. शिवाय ती कॉटवर बसली, त्याचा एक गुण कापला. उमेदवारानं खुर्चीवरच बसायचं असतं.

गुरुवार, ५ जून

रुग्णभेटी आज संपल्या.

पहिल्या दिवशी मुलं घाबरून काहीबाही बोलत होती. आज सगळे तयार होऊन आले होते. दार उघडायचं, मान डावीकडे कलती करायची आणि विचारायचं, "तुमच्या मनात कसली भीती आहे का?" कुठल्याशा क्लासमध्ये हे बाहेर फुटलेलं दिसतं. एका मुलानं तर दार पूर्ण लागायच्या आत विचारलं. मी वाक्य म्हटलं. तो "थँक्यू" म्हणाला, आणि हुश्श करून उरलेला वेळ खिडकीतून बाहेर बघत बसला. त्याला दोन गुण दिले. द्यावेच लागले, वाक्य बाहेर आलं होतं.

चहाच्या सुट्टीत रेडिओ कपाळाला हात लावून बसली होती. "माझी पोरं सकाळपासून वीस वेळा पोरकी झाली गं. आता तर मला त्यांची नावं ठेवावीशी वाटताहेत."

मी तिला विचारलं, "तुझ्याकडे कोणी कॉटवर बसलं का?"

"एक बसला. कॉटचं चाक लॉक नव्हतं. दोघं भिंतीपर्यंत गेलो."

"किती कापलेस?"

"कशाला कापू? तीन दिवसांत तेवढीच करमणूक झाली."

हे मला पटलं नाही. पण मी बोलले नाही, कारण दर आठवड्यातली माझी वॉर्डातली संध्याकाळची ड्यूटी तिनं घेतली आहे. त्याबदल्यात तिच्या फायली मी लिहून देणार आहे. सोय दोघींची होते. वॉर्डात काय, कोणीही जाऊ शकतं. प्रवेशाच्या कामाला मात्र नीटनेटकं माणूस लागतं, असं मोठ्या मॅडम स्वतः म्हणाल्या. मदतीला कोण येईल विचारलं तेव्हा पहिला हात माझाच वर होता.

रविवार, ८ जून

घरी जाऊन आले.

गल्लीच्या तोंडाशी बाबांनी मला दुकानदारापुढे उभं केलं. "ही आमची सिस्टर." मी म्हटलं, बाबा, अजून तीन वर्षं आहेत. "तीन वर्षं काय, बघता बघता जातात. आम्ही वीस वर्षं भिंती रंगवतोय, अजून संपल्या नाहीत."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची शेवटची परीक्षासुद्धा दिलेली नाही. बाबांना सही येते, आईला तीही येत नाही. घरात कोणी आजारी पडलं की बाबा दवाखान्याच्या दारात उभे राहत. कुठल्या खिडकीला जायचं, कोणाला विचारायचं, काही कळायचं नाही. एकदा आत्याला घेऊन ते दुपारपर्यंत चुकीच्या रांगेत उभे होते. ती रांग चष्म्यांची होती. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगतात, आणि सांगून झाली की बाबा दर वेळी म्हणतात, "आता आपलं माणूस आत आहे."

बाबांचा खांदा पुन्हा धरलाय. जेवणानंतर आठवडाभर लाँड्रीत राबणारी आई मलम चोळायला बसली. आत्या भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, "घरात सिस्टर, आणि मलम चोळतेय लाँड्रीवाली! काय गं, डिग्री मिळेपर्यंत हात राखून ठेवलेत का?"

सगळे हसले. मीही हसले. मी म्हटलं, "आईची सवय आहे त्यांना." हे खरंच आहे. आणि मला पुढच्या सत्राचं वाचायचंही होतं. पुस्तक बॅगेतच राहिलं, ते वेगळं.

निघताना आईनं विचारलं, "तिथे बरं चाललंय ना?"

"हो."

"नाही, सारखं ऑफिसातलंच सांगतेस. पेशंटचं काही सांगत नाहीस. पहिल्यांदा गेलीस तेव्हा फोनवर पेशंटशिवाय दुसरं बोलणं नव्हतं."

मी सांगितलं की पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं, तसा नियम आहे. असा नियम आहेच.

मंगळवार, १० जून

तात्पुरती यादी लागली. मदतनीस म्हणून ती फलकावर लावायचं काम माझ्याकडे होतं. टाचण्या मारता मारता नंबर डोळ्यांखालून गेले.

खिडकीतून बाहेर बघणारा मुलगा यादीत आहे.

दोनशे चौदा प्रतीक्षा यादीत पहिली आहे. साठाव्या उमेदवारापेक्षा तिला एक गुण कमी.

मी बराच वेळ फलकासमोर उभी होते. मागून एक मुलगी "ताई, सरका ना, दिसत नाही" म्हणाली तेव्हा भानावर आले. त्या एका गुणाशी माझा संबंध नाही. मी नियमाप्रमाणे दिले. असं बघितलं तर दहातला प्रत्येक गुण कोणाच्या ना कोणाच्या आयुष्यातला शेवटचा असतो, मग मार्क द्यायचेच कसे?

गुणांत काही दुरुस्ती असेल तर ती मोठ्या मॅडमना येत्या सोमवारपर्यंत सांगता येते. त्या दिवशी समिती बसते आणि यादी पक्की होते. माझ्याकडे दुरुस्ती नाही. बेरीज मी दोनदा तपासलेली आहे.

बुधवार, ११ जून

तरीही मन स्वस्थ नव्हतं म्हणून आज मोठ्या मॅडमना विचारून टाकलं. त्या शिडीवर चढून कपाटातल्या फायली खाली काढत होत्या आणि मी त्यांच्याकडून घेऊन टेबलावर ठेवत होते.

मी विचारलं, "मॅडम, उमेदवारानं भीतीबद्दल विचारलं नाही आणि पेशंटनं ते वाक्य म्हटलं नाही, तर शून्यच ना?"

"शून्यच."

"बाकी गप्पा चांगल्या झाल्या असल्या तरी?"

"गप्पांचे गुण पत्रकात वर वेगळे आहेत. ते दिलेत ना?"

"दिलेत."

"मग झालं." त्यांनी शिडीवरून खाली बघितलं. "एवढंच विचारायचं होतं?"

"हो."

त्यांनी हातातल्या फाईलवरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "वॉर्डाच्या सिस्टर विचारत होत्या तुझ्याबद्दल. एप्रिलपासून दिसली नाही म्हणाल्या. मी सांगितलं, इथे कामात आहे."

मी म्हटलं, हो मॅडम, इथे खूपच काम आहे.

"कामाचं काय, ते कोणीही करेल," असं म्हणून त्यांनी पुढची फाईल दिली. त्या हल्ली दमलेल्या असतात, त्यामुळे कधीकधी उलटसुलट बोलतात.

उत्तर मिळालं ते बरं झालं. नियम स्पष्ट आहे. आज निवांत वाटायला हवं.

शुक्रवार, १३ जून

आज चौकशीच्या खिडकीवर होते. ती आली.

मी लगेच ओळखलं नाही. रुग्णभेटीच्या दिवशी केस घट्ट बांधले होते, आज मोकळे होते. तिनं मात्र काचेतून बघताच ओळखलं आणि हसली. "झालं का ऑपरेशन?"

मी म्हटलं, "झालं."

"बरं झालं. चेहऱ्यावर थोडं रक्त दिसतंय आता."

तिला पदविकेची माहिती हवी होती. पदवीचं काही खरं दिसत नाही, म्हणून शेजारच्या कॉलेजातला तीन वर्षांचा अभ्यासक्रम मिळतो का ते बघायचं होतं. मी सांगितलं की त्याचे अर्ज गेल्याच महिन्यात बंद झाले. प्रतीक्षा यादी हलते का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, कधीकधी. खरं म्हणजे गेल्या वर्षी एकही जागा हलली नव्हती, पण खिडकीवर अंदाज सांगायचा नसतो.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसा," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी वय उलटतं ना माझं. ही तिसरी खेप होती." ती बायकांच्या सलूनमध्ये काम करते, हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. "आमची मालकीण म्हणते, दुसरी खुर्ची तुझी, कायमची. ती वाईट नाही हो. पण हो म्हटलं तर मग हे सोडलंच म्हणायचं. मंगळवारी सांगते म्हटलंय तिला."

मागे कोणी नव्हतं. ती जाईना. मग खिडकीच्या फटीपाशी तोंड आणून म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. बाहेर आल्यावर बाकीचे म्हणत होते, त्या बाईला दोन पोरं आहेत, पोरांचं कोण बघेल म्हणून ती घाबरलीय. दोन्ही खोल्यांत तेच. मला तर तुम्ही पोरांचं काहीच बोलला नाहीत. माझा पेशंट वेगळा होता का?"

मी म्हटलं, परीक्षेबद्दल बोलता येत नाही.

"हो, हो. नियम असतील." ती वळली, आणि पुन्हा फिरली. "पण तुमचं ते बरं आहे ना आता?"

"कोणतं?"

"हात लावायचं."

मी म्हटलं, "पुढचे कोण?" मागे कोणीच नव्हतं.

आता मला ते लिहावंच लागेल. चार तारखेला मी लिहिलं की "काय बोलले त्याला महत्त्व नाही." तीही चूकच होती.

ती आत आली तेव्हा तिनं मान कलती केली नाही. माझ्या पायांवर चादर घातली, कॉटवर बसली, आणि खोलीभर बघून म्हणाली, "बाई गं, किती गप्प खोली आहे. आमच्याकडे तर एकीच्या डोक्याला पाणी लावलं की दुसरी मधेच सुनेचं गाऱ्हाणं सांगते." मग सलूनमधल्या पहिल्या दिवसाचं सांगितलं. ती डोकी धुवायच्या कामावर होती. पहिल्याच बाईच्या कानात तिनं पाणी घातलं, दुसरीच्या डोळ्यांत साबण, आणि तिसरी तिला बघूनच उठून गेली. मला हसू आलं. पेशंटनं हसू नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "मला हात लावायची भीती वाटते."

हे कागदावरच्या बाईचं वाक्य नव्हतं. त्या बाईला तशी भीती असायचं काही कारणच नाही.

"कोणाला हात लावायची?" तिनं विचारलं.

"कोणालाही. माणसांना."

ती गडबडली असणार. उद्या ऑपरेशन असलेली बाई असं काय बोलते! पण ती म्हणाली, "मलाही वाटायची. परक्या माणसाचं डोकं हातात घ्यायचं म्हणजे काय! पहिले दोन महिने मी डोळे मिटून धुवायची. म्हणून तर साबण डोळ्यांत जायचा." आणि तिनं आपला हात माझ्यापुढे धरला, तळवा वर करून. "घ्या. मी काही चावत नाही."

मी तिचा हात धरला. तो थोडा खरखरीत होता, आणि गरम. घंटा होईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. मग ती गेली आणि मी कागद घेऊन तिला शून्य दिलं.

कारणही लिहून टाकते. एप्रिलमध्ये वॉर्डात एका म्हाताऱ्या आजोबांना स्पंज द्यायचा, म्हणजे कॉटवरच अंग पुसून द्यायचं होतं. सरावाच्या पुतळ्यावर मी तो वर्गात सगळ्यांत आधी शिकले होते. पाणी कोमट, कापड पिळलेलं, पडदा ओढलेला, सगळं बरोबर. आजोबांनी हात पुढे केला आणि माझा हात मधेच थांबला. त्यांची कातडी पातळ होती, खालून सगळ्या शिरा दिसत होत्या, आणि ते माझ्याकडे बघत होते. पुतळा बघत नाही. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे बाळ. नको वाटतंय तुला. दुसऱ्या कोणाला पाठव." रागानं नाही, अगदी समजुतीनं. मी पडद्याबाहेर येऊन रेडिओला पाठवलं आणि पोट दुखतंय असं सांगितलं. त्यानंतर वॉर्डात गेलेली नाही.

शनिवार, १४ जून

सोमवारी मोठ्या मॅडमना काय सांगायचं ते आज लिहून बघत होते. माझ्याबद्दल काही न येता तिची जागा मिळेल असं काहीतरी हवं होतं.

पहिलं: "पत्रक भरताना नजरचुकीनं दोनऐवजी शून्य लिहिलं गेलं." हे खोटं आहे. वाक्य बाहेर आलं नव्हतं.

दुसरं: "कॉटवर बसल्याबद्दल गुण कापताना दोन्ही खोल्यांत सारखा नियम लावला गेला नाही." हे खरं आहे. पण मग रेडिओवर जाईल. तिनं तर फक्त माणुसकी दाखवली.

तिसरं: "काही कारणानं रुग्णानं ठरलेल्या संवादाबाहेरचं विधान केलं, त्यामुळे उमेदवाराचं मूल्यमापन होऊ शकलं नाही." हे मला बरं वाटलं. मोठ्यानं वाचून बघितलं.

रेडिओ केसांना टॉवेल गुंडाळून आत येत होती. "कोण रुग्ण?"

"रुग्ण म्हणजे... दोन नंबरच्या कॉटवरचा."

"म्हणजे तू."

"हो."

"मग 'मी' म्हण की. एवढी वळणं कशाला घेतेस, घाट चढतेयस?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. म्हणजे, मला वाटलं सगळं सांगतेय. ती आरशात केस पुसत राहिली. मी एप्रिलचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "ते आजोबा होय? त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. 'त्या पोरीला रागावू नका, ती घाबरली होती' म्हणाले. मी काय सांगणार तुला? तू पोटदुखीच्या गोळ्या घेत होतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अगं, तीन महिने वॉर्ड सोडून सगळीकडे असतेस तू! ऑफिस, लायब्ररी, फलक, खिडकी. भांडारात मोजदादीला माणूस हवा होता तर तिथेही तू. अख्ख्या वर्गाला माहीत आहे."

तीन महिने नाही, दोन झालेत. मी तसं तिला म्हटलं. ती हसत सुटली, आणि मला रडू आलं. मग ती शेजारी येऊन बसली. जवळ घेतलं वगैरे नाही, तशी ती नाहीच. टॉवेलचं कोरडं टोक माझ्या हातात दिलं फक्त.

"मॅडमना कळलं तर काढून टाकतील," मी म्हटलं.

"काढणार नाहीत बहुतेक. वर्ष रोखतील."

"वर्ष रोखलं तरी घरी कळवतात."

रेडिओ बंद पडलेला मी पहिल्यांदा बघितला.

चौथं वाक्य लिहिलं ते असं: "दोनशे चौदाची परीक्षा झालीच नाही. मी तिला कागदावरच्या बाईची नाही, माझी भीती सांगितली, आणि तिनं ती नीट ऐकून घेतली." याच्यात काही खोटं सापडत नाही. म्हणून हेच सगळ्यांत वाईट वाटतंय.

दुपारी दुसराच विचार आला. मी सांगितलं, तिला जागा मिळाली, तर साठावा बाहेर जाईल. त्यानं माझं काय वाकडं केलंय? तो कोण आहे हे बघायला मी फलकापर्यंत गेले आणि न बघताच परत आले. ते ठरवायचं काम समितीचं आहे. कदाचित तिला दुसऱ्या पेशंटकडे पुन्हा पाठवतील, आणि ती पुन्हा कॉटवर बसून सगळं घालवेलही. तिला जागा मिळवून देणं माझ्या हातात नाही. तिचा पेशंट वेगळा होता, एवढंच मला सांगता येतं. आणि ते माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

बुधवारी मॅडमना मी विचारलं होतं, आणि मला हवं तेच उत्तर येईल असंच विचारलं होतं. हे आज दिसतंय. त्या दिवशी निवांत का वाटलं नाही तेही दिसतंय.

रविवार, १५ जून

बाबांचा फोन आला. दर रविवारी येतो. खांदा कसा आहे विचारलं. "खांदा खांद्याच्या जागी आहे. तुझा आवाज का असा?"

सांगायचं नव्हतं. पण परवा सगळं घरी कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, म्हणून सांगितलं. एका मुलीला माझ्यामुळे चुकीचे गुण पडलेत, ते मोठ्या मॅडमना सांगायचं आहे. सांगताना माझंही एक सांगावं लागेल. वॉर्डात मला जमत नाहीये.

मागे आत्याचा आवाज येत होता, "काय झालं? कोण म्हणतंय काय झालं?"

मग बाबांनी विचारलं, "कोणाला कळलंय?"

"मॅडमना नाही."

"मग कशाला सांगतेस?"

बाबा असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं ते म्हणतील, खरं असेल ते सांग. लहानपणापासून तेच तर सांगत आले.

"त्या मुलीची जागा जातेय, बाबा."

"तिचं वाईट वाटतं. पण तुझी गेली तर? बाळ, तू आत गेलीस. आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं. आता आतच राहा. कोणी विचारलं तर सांग, नाही तर गप्प राहा. मी तुझ्यापुढे हात जोडतो." त्यांचा आवाज चष्म्यांच्या रांगेतल्या माणसाचा होता. मी तेव्हा त्यांच्या बोटाला धरून शेजारीच उभी होते, घरात सांगताना माझं नाव कोणी घेत नाही म्हणून इथे लिहिते.

मी म्हटलं, "बाबा, ती मुलगीही बाहेरच उभी आहे."

आईनं फोन घेतला आणि जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं. हे खोटं होतं. फोन ठेवून खाली जाऊन जेवून आले.

बाबांचं मी पहिल्यांदाच ऐकणार नाही. ते चूक आहेत असं मला म्हणता येत नाही. ते घाबरलेत, आणि घाबरलेलं माणूस कसं बोलतं ते मला या महिन्यात चांगलंच कळलंय.

संध्याकाळी रेडिओला सांगितलं की येत्या आठवड्यातली माझी ड्यूटी मी करीन. ती म्हणाली, "जमेल?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मी शेजारच्याच कॉटला असेन. पण गप्प बसायला सांगू नकोस."

मॅडमना काय सांगायचं ते पाठ केलेलं नाही. पाठ केलं की मी वाक्य म्हणेन आणि सुटेन. त्या विचारतील तसं सांगायचं. त्या विचारणार नाहीत असं झालं, तरी सांगायचं. समिती दुपारी बसते. मॅडम त्याआधी सकाळी खोलीत एकट्या असतात.

उद्या. सोमवार, १६ जून.